वकीलबाईंचे साचे

"माझे पाय मला परत द्या," वकीलबाई म्हणाल्या.

रविवारची सकाळ होती आणि धाकटी सून दुकानात एकटीच होती. नवरा मागच्या खोलीत चामडं कापत होता, सासूबाई वर माडीवर होत्या. धाकटीच्या एका हातात फडकं होतं, दुसऱ्या हातात फोन. फोनवर लोक नुसतंच 'किंमत' असं लिहून पाठवत होते. पुढे प्रश्नचिन्ह नाही की मागे नमस्कार नाही. किंमत सांगितली की माणूस गायब. तरी प्रत्येकाला उत्तर द्यावंच लागे, कारण उत्तर उशिरा दिलं की पेज मागे पडतं असं तिने कुठेतरी ऐकलं होतं.

"कुठले बूट, बाई? दुरुस्तीला टाकले होते का? पावती असेल तर..."

"बूट नाही म्हटलं मी. पाय."

आणि त्यांनी आपल्या फोनचा पडदा तिच्या नाकासमोर धरला. पडद्यावर धाकटीचाच व्हिडिओ चालू होता. खिडकीच्या उजेडात तिचा स्वतःचा हात पायाचा एक लाकडी साचा हळूहळू फिरवत होता, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ओळखा पाहू, हा पाय कुणाचा?'

या घराण्यात तीन पिढ्या बूट मापाने शिवले जात. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाची लाकडी जोडी करायची, ती दोरीने एकत्र बांधायची आणि मागच्या खोलीतल्या फळ्यांवर ठेवायची. पाय बदलला की साचा बदलायचा. कुठे गाठ आली तर तिथे चामड्याचा तुकडा चिकटवायचा, कुठे हाड बसलं तर कानस मारायची. व्हिडिओतल्या जोडीचा डावा साचा उजव्याहून चांगला बोटभर उंच होता. त्याच्या तळाला बुचाचे पातळ पातळ थर एकावर एक चढवलेले होते, कारण त्या साच्यांच्या मालकिणीचा डावा पाय आखूड होता आणि तो आखूडपणा बुटाच्या आत लपवायचा होता. धाकटीला हे काहीच ठाऊक नव्हतं. साच्यांवर नाव लिहायचं नाही अशी या घरची पद्धत, आणि कुठला साचा कुणाचा हे सगळंच्या सगळं आता फक्त सासूबाईंच्या डोक्यात होतं. नाव नाही म्हणजे तो कुणाचाच नाही, असं धरून ती मोकळी झाली होती.

"शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत एका ज्युनिअरने कोर्टात आमच्या खोलीत हा सगळ्यांना दाखवला," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि धाकटीला त्याचीच जास्त भीती वाटली. "सगळे हसले. मीही हसले. न हसून कसं चाललं असतं?"

वकीलबाईंनी फोन पर्समध्ये टाकला.

"संध्याकाळी येते. दोन्ही बांधून ठेवा."

त्या निघाल्या. धाकटी दारात उभी राहून त्यांच्या चालीकडे बघत राहिली. वळणावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत बघितलं, पण त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. चारचौघींसारखीच चाल. ती तशी दिसावी म्हणून या दुकानाने तीस-एक वर्षं खपून काम केलं होतं, आणि हिने ते अर्ध्या मिनिटात चव्हाट्यावर आणलं होतं.

ती आत आली आणि फोन उपडा ठेवला.

थोरले भावजी आणि जाऊबाई आजच यायचे होते, हे वर आणखी. म्हणतात ना, सगळं एकदमच येतं, तशातली गत. सासरे गेल्यापासून दुकान आई आणि दोन मुलं अशा तिघांच्या नावावर होतं. थोरल्याची नोकरी दुसऱ्या शहरात, आणि त्याच्या हिशेबी दुकान म्हणजे मोक्याच्या रस्त्यावरची फुकट अडकलेली जागा. एक मोबाइलवाला ती भाड्याने घ्यायला टपून बसला होता. "मापाने बूट कोण शिवून घेतं आता?" असं भावजींनी विचारलं होतं. शेवटी सासूबाईंनी मुदत मागून घेतली होती. थंडी संपेपर्यंत.

म्हणून धाकटीने पेज सुरू केलं. आधीचे महिने तर विचारूच नका. पहिले फॉलोअर कोण, तर तिची मावशी, कॉलेजातली एक मैत्रीण आणि फॉलोअर विकणारी तीन खाती. पैसे भरून जाहिरात फिरवली तर ती बूट न घालणाऱ्या वयाच्या पोरांना दिसली. तिने काढलेला फोटो उचलून कुणीतरी त्याखाली यंत्रावरचे स्वस्त बूट विकायला लागला, आणि ते फाटले म्हणून शिव्या मात्र हिला आल्या. घरबसल्या माप द्या म्हटलं, कागदावर उभं राहून पेन्सिलीने पाय काढा म्हटलं, तर एकाने कोऱ्या कागदाचा फोटो पाठवला आणि "झालं का?" असं विचारलं. एका गृहस्थांनी पाचपैकी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'दुपारी आलो होतो, दुकान बंद होतं, मालक जेवत होते.' नवरा त्यावर एवढंच म्हणाला होता, "जेवत तर होतो."

आणि मग हा व्हिडिओ. तो कसा कुणास ठाऊक, पण उधळला. लाखो लोकांनी बघितला. खाली अंदाजांचा नुसता पाऊस पडला, चेटकिणीचा, समुद्रातल्या लुटारूचा, उंटाचा. आणि त्याच गर्दीतून खरी गिऱ्हाइकं आली. उंच टाचेने हैराण झालेली एक हवाईसुंदरी, दिवसभर फळ्यासमोर उभे राहणारे एक मास्तर, साखरेच्या दुखण्याने पाय बधिर झालेला एक ट्रकवाला. नवऱ्याच्या टेबलावर कितीतरी दिवसांनी चामड्याचा ढीग लागला. तो काम करता करता शीळ घालायला लागला होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी त्याला शीळ घालता येते हे तिला माहीत नव्हतं.

दुपारी भावजी आले ते हसतच आले.

"कुठे आहे आमची स्टार?" त्यांनी दारातूनच हाक दिली. "अगं, आमच्या ऑफिसात तुझा व्हिडिओ फिरतोय! मी म्हटलं, हे आमचं दुकान. कुणाचा विश्वासच बसेना!"

गेल्या खेपेला याच भावजींनी "हे फोनवरचे उद्योग" असा शब्द वापरला होता. जाऊबाईंनी तिला जवळ घेतलं. "मी माझ्या दोन्ही खात्यांवरून लाइक केलंय हं," त्या म्हणाल्या. त्यांना हे मोठं कर्तृत्व वाटत होतं आणि त्यात लबाडी नव्हती.

चहा मागच्या खोलीतच झाला, कारण सगळ्यांना बसता येईल एवढी जागा तिथेच होती. तीन भिंती छतापर्यंत साच्यांनी भरलेल्या. भावजींनी कप हातात घेऊन खोलीभर एक चक्कर मारली.

"ही भिंत म्हणजे खजिना आहे रे," ते धाकट्या भावाला म्हणाले. "दर आठवड्याला एक साचा दाखवायचा. लोक वाट बघतील. माझं ऐकाल तर मोबाइलवाल्याला जरा थांबवू. वाढतंय तर वाढू दे की."

हे वाक्य ऐकण्यासाठी धाकटीने इतके महिने रात्रीचा दिवस केला होता. आज ते कानावर आलं तेव्हा तिच्या हातातला चहा गार झाला होता.

"भावजी, एक झालंय," ती म्हणाली, आणि सकाळचं सगळं सांगून टाकलं. काही गाळलं नाही. 'मीही हसले' हेसुद्धा सांगितलं.

सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या. त्या कधी उतरून आल्या ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कुठली जोडी?" त्यांनी विचारलं.

धाकटीने बोट दाखवलं. सासूबाईंनी जोडी उतरवली, पदराने पुसली आणि मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या.

"मला दाखव काय टाकलंस ते."

त्यांनी व्हिडिओ पूर्ण बघितला. मग खालचे अंदाजही वाचले, एकेक करत. चष्मा नाकावरून घसरत होता तो दोनदा वर सारला.

"काढून टाक," त्या म्हणाल्या.

"आई, एक मिनिट," भावजी म्हणाले. "नाव आहे का कुठे? चेहरा आहे का? मग कुणाला कळलं? त्यांचं त्यांना कळलं, एवढंच ना?"

"हो ना," जाऊबाई म्हणाल्या. "आपण त्यांना एक जोड फुकट देऊ. चांगला, मऊ चामड्याचा. आणि ते लिहिलेलं बंद करता येतं ना गं? ते अंदाज?"

"येतं," धाकटी म्हणाली.

"मग झालं तर!"

सासूबाईंनी धाकट्या मुलाकडे बघितलं. तो नेहमी आईच्या बाजूने असे. आज त्याने मेणाचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"आई, कामं आलीत गं," तो म्हणाला. "तो व्हिडिओ काढला तर थांबतील. नाव नाहीये त्यावर. राहू दे की."

धाकटीला एकदम भरून आलं. रडण्यासारखं काही नव्हतं, पण आलं. तिला खरं म्हणजे सकाळपासून हेच हवं होतं. कुणीतरी नीट मुद्देसूद बोलून तिला सांगावं की राहू दे, तुझं काही चुकलं नाही. आता तिघांनी सांगितलं, त्यात नवराही आला, आणि तरी तिचा जीव भांड्यात पडेना.

"आई, मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "दाखवायचं नसतं, असं कुणी कधी म्हणालंच नाही."

मांडीवरच्या साच्याच्या टाचेवरून सासूबाईंचा अंगठा फिरत होता.

"नाही म्हणालो," त्या म्हणाल्या. "सांगायची गोष्टच नव्हती ती. मला माझ्या सासूने सांगितली नाही, मी तुला नाही सांगितली. गिऱ्हाइकाच्या पायाबद्दल घरातसुद्धा बोलायचं नाही, मग बोलायचं नाही हे तरी कधी बोलणार? तेवढं माझं चुकलं."

सासूबाईंच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द या खोलीत पूर्वी कुणी ऐकले नव्हते. भावजींनीसुद्धा कप खाली ठेवला. पण ते मागे हटणारे नव्हते, दर महिन्याला ऑफिसात दहा जणांना पटवून घरी येणारा माणूस तो.

"हे बघ आई, मला बाईंबद्दल वाईट वाटतं. पण पाय म्हणजे पाय. त्यात लाजण्यासारखं काय आहे? जमाना बदललाय. लोक आता काय काय उघड सांगतात. एका बाईच्या लाजेपायी दुकान बुडवायचं?"

"लाजण्यासारखं काहीच नाही म्हणतोस."

"काहीच नाही."

"बरं."

सासूबाई उठल्या. वकीलबाईंची जोडी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली आणि त्या सगळ्यात खालच्या फळीशी गेल्या. तिथे हात घालायला वाकावं लागे, म्हणून नवरा पुढे झाला, तर त्यांनी त्याला हातानेच मागे केलं. आतून त्यांनी एक जुनं गाठोडं ओढलं. गाठ सोडली. आत लहान मुलाचे साचे होते, तळहातावर मावतील एवढ्यापासून ते शाळकरी पोराच्या पायाएवढे, वाढत्या मापाच्या ओळीने. उजवे सगळे सरळ. डावे मात्र सुरुवातीला आतल्या बाजूला इतके वळलेले की तो पाय स्वतःच्याच घोट्याकडे बघतोय असं वाटावं. पुढच्या पुढच्या मापाला ते वळण थोडं थोडं कमी होत गेलेलं. शेवटची जोडी जवळजवळ सरळ होती.

सासूबाईंनी ते टेबलावर धाकटीसमोर एका ओळीत मांडले.

"दर आठवड्याला एक पाहिजे ना? पुढच्या आठवड्याला हे घे. हे त्याच्याहून जास्त चालतील."

"अय्या!" जाऊबाई पुढे झुकल्या. त्यांनी सगळ्यात लहान जोडी उचलली. "किती गोड आहेत! कुणाचे हो, आई?"

"या दुकानात ते सांगत नाहीत."

"अहो, आम्हाला तरी? घरातल्यांना?"

"घरातल्यांनाही नाही."

धाकटीने वर बघितलं ते सहजच. भावजी खुर्चीत बसले होते, आणि त्यांचा डावा पाय खुर्चीखाली गेला होता. इतका आत, की बूट दिसू नये. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीवर पडलेली चामडं टोचायची आरी शोधत होता. आरी टेबलावरच होती.

जाऊबाईंना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्या डावा साचा टेबलावर ठेवून तो चालवून बघत होत्या. "बिचारं पोर! बदकासारखं चालत असेल. शाळेत तर किती चिडवलं असेल ना! पण हे खरंच टाक हं तू. 'ओळखा पाहू' नको, दुसरं काहीतरी लिही. मला तर बाई हसूच येतंय आणि वाईटही वाटतंय."

"ठेव तो खाली," भावजी म्हणाले.

"अहो, मी काय तोडतेय का?"

"ठेव म्हटलं ना."

जाऊबाईंनी चमकून नवऱ्याकडे बघितलं. साचा ठेवला. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, आणि नवरा चिडला की का चिडला हे आपल्याला बरोबर कळतं अशी त्यांची समजूत होती. आज त्यांना ते कळलं नाही.

सासूबाईंनी थोरल्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या वकीलबाईंच्या साच्याला चिकटलेला धुळीचा कण नखाने काढत बसल्या होत्या.

धाकटीने फोन उचलला. भावजी काय म्हणतात याची वाट तिने बघितली नाही, आणि ते बरंच झालं, नाहीतर पुढे आयुष्यभर तिला वाटलं असतं की त्यांनी सांगितलं म्हणून काढला. पडद्यावर अजून ते अंदाज येतच होते. नवीन गिऱ्हाइकांचे दोन निरोपही तिथेच, वर दिसत होते. एवढ्या महिन्यांत चाललेली एकुलती एक गोष्ट. ती जाणार याचं तिला खरंखुरं दुःख झालं. तिने बटण दाबलं. फोनने विचारलं, खात्री आहे का? तिने पुन्हा दाबलं.

"काढला," ती म्हणाली.

नवऱ्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "बरं."

"लोकांनी उतरवून घेतला असेल, तो फिरत राहील," तिने सांगितलं. "तो मला नाही थांबवता येणार."

"तुझ्या हातात होतं तेवढं केलंस," सासूबाई म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्या थोरल्याकडे वळल्या. "आता बोल. दुकानाचं काय म्हणत होतास? जागा द्यायची असेल तर मी नाही म्हणत नाही. हे सगळे साचे मात्र ज्याचे त्याला पोचवावे लागतील. ज्यांचे घरात आहेत, त्यांनी आपले आपले घेऊन जायचे."

भावजींनी टेबलावरच्या त्या लहान ओळीकडे बघितलं. मग बायकोकडे. मग छताकडे.

"बघू," ते म्हणाले. "थंडी संपू दे."

"थंडी कधीच संपली, दादा," धाकटा म्हणाला.

"पुढची म्हणतोय मी. पुढची थंडी."

नवऱ्याला हसू आवरेना. तो खोकला आल्याचं निमित्त करून उठला.

जाऊबाई चप्पल घालायला पुढच्या खोलीत गेल्या, तेव्हा भावजी टेबलाशी आले. त्यांनी ते साचे एकेक करून मापाने लावले, लहान आत, मोठे बाहेर, आणि गाठोडं बांधलं. दोरीला या घरची एक वेगळी गाठ असते, दोन वेढे आणि एक उलटा. दुकानात कधी न बसलेल्या माणसाने ती न चुकता मारली. गाठोडं त्यांनी स्वतः वाकून खालच्या फळीत सरकवलं.

"बाबा रोज संध्याकाळी माझा पाय धरून बसायचे," ते धाकटीला हळूच म्हणाले. "तेल लावून. शाळेत जायच्या आत सरळ करतो म्हणायचे. झाला नाही तोवर. पण नंतर झाला." मग एकदम त्यांचा आवाज नेहमीचा झाला. "आणि त्या 'किंमत' म्हणणाऱ्यांना एक तयार उत्तर लिहून ठेव. दर वेळी नवं कशाला टाइप करतेस? वेळ जातो."

बाहेरून जाऊबाईंचा आवाज आला. "अहो, सांगा ना, कुणाचे होते ते?"

"मला काय माहीत!" भावजी म्हणाले आणि गेले.

दिवेलागणीला वकीलबाई आल्या. बरोबर कापडी पिशवी होती, फायली न्यायची. धाकटीने दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं. सासूबाई गल्ल्याशी उभ्या होत्या.

"व्हिडिओ काढलाय," धाकटी म्हणाली. "मीच टाकला होता. घरात कुणाला विचारलं नव्हतं. साचा तुमचा आहे हे माहीत नव्हतं, पण विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

"लोकांनी काय काय लिहिलं ते वाचलंस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"उंटाचा म्हणणारी माझी ज्युनिअर आहे," वकीलबाई म्हणाल्या. "हुशार मुलगी आहे. उद्या तिच्याबरोबर मला एका केसला उभं राहायचंय."

त्यांनी पिशवी गल्ल्यावर ठेवली.

"एवढ्या भिंती भरून साचे आहेत तुमच्याकडे. माझाच का उचललास?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. समोर पहिला दिसला म्हणून, असं काहीतरी. पण ती म्हणाली, "सुंदर वाटला म्हणून. बुचाचा एकेक थर वेगळा दिसतो. दर दोन-तीन वर्षांनी सासऱ्यांनी एक चढवलाय, घासून इतका पातळ केलाय की बोटाला कळत नाही. एका माणसासाठी एवढं कुणी करतं, ते मला दाखवायचं होतं. मग वर 'ओळखा पाहू' लिहिलं. तसं लिहिलं की लोक थांबतात."

"थांबले."

"हो."

वकीलबाईंनी साचे हातात घेतले. इतक्या वर्षांत त्यांनी ते नीट असे बघितलेच नसावेत. त्यांचं काम पाय पुढे करण्यापुरतं. त्यांनी डावा साचा उलटा केला आणि एकेक थर मोजत बोट फिरवलं, तळापासून वरपर्यंत. बोट एके ठिकाणी थांबलं.

"हा माझी आई गेली त्या वर्षीचा," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी फार उभी राहायचे, दवाखान्यात. कंबर धरली होती."

"बाई," सासूबाई म्हणाल्या, "ठेवून गेलात तर परत कुणाच्या नजरेला पडणार नाहीत. माझा शब्द आहे."

"तुमच्या शब्दाबद्दल काही म्हणणं नाही माझं. पण आता घरीच राहू देत."

त्यांनी जोडी पिशवीत घातली. पिशवी जड झाली तशी खांद्यावर घेतली आणि त्या निघाल्या, चारचौघींसारख्याच.

मागच्या खोलीत फळीवर त्यांच्या जागी लाकडाचा फिकट चौकोन उरला होता. कित्येक वर्षं तिथे धूळ बसली नव्हती. नवरा तिथे उभा होता, हातात त्या ट्रकवाल्याच्या साच्यांची नवी जोडी घेऊन.

"ही इथे ठेवू?"

"नको," सासूबाई म्हणाल्या. "बाईंच्या पायातले बूट दीड-एक वर्ष जातात. डावी टाच आधी झिजते. झिजली की येतील."

"आणि नाही आल्या तर?"

"तर राहू दे जागा तशीच."

धाकटीचा फोन टेबलावर थरथरला. कुणीतरी लिहिलं होतं, 'किंमत'. तिने तो उचलला नाही. ती स्टूल घेऊन भिंतीशी आली.

"आई, मला सगळे सांगा. कुठला कुणाचा. इथून तिथपर्यंत."

"लिहून घेणार?"

"नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि त्या स्टुलावर टेकल्या. सुरुवात त्यांनी कोपऱ्यापासून केली नाही. हात वर करून त्यांनी त्या फिकट चौकोनावर बोट ठेवलं.

"ही वकीलबाईंची," त्या म्हणाल्या.